रात्री बाहेर पडलेलं पोरगं रूमवर परतलं नाही : पहिले चोवीस तास (नागपूर)

संत्रानगरी (धागाकर्ता)

मित्रांसोबत रात्री बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याचा खून झाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन दिवस एकच दळण चालतं. इतक्या रात्री बाहेर कशाला, दारू, मोबाईल, आईबापाचं लक्ष नाही. हा धागा त्यासाठी नाही. कुठल्याही चालू प्रकरणातलं नाव, कॉलेज, फोटो इथे टाकू नका.

प्रश्न साधा आहे. बजाजनगर, प्रतापनगर, लक्ष्मीनगर, हिंगणा रोड, जिकडे पाहावं तिकडे बाहेरगावची पोरं भाड्याने राहतात. आईबाप गडचिरोलीला, गोंदियाला, यवतमाळला. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, त्यानंतर ऑटो, ॲपची गाडी नाहीतर कुणाची तरी दुचाकी. पहाटेचे तीन वाजले, पोरगं रूमवर नाही, फोन लागत नाही. रूममेटने काय करायचं? वॉर्डनने काय करायचं? भामरागडहून निघालेल्या बापाने कुठल्या दारात जायचं? आणि शेवट वाईटच झाला, तर पुढे खटला उभा राहायला या पहिल्या रात्रीतलं काय कामी येतं? पोलिस, कोर्ट, दवाखाना, कॅमेरे यातलं ज्यांना कळतं त्यांनी नेमकं लिहावं.

बर्डीवाला

पण चोवीस तास झाल्याशिवाय पोलिस मिसिंग घेतच नाहीत ना बे? सगळे तर तेच सांगून राहिले.

ठाणे_अंमलदार

असा नियम नाही आणि कधी नव्हताही. बेपत्ता झाल्याची खबर पहिल्या तासातही देता येते.

आधी वय पाहा. अठरा पूर्ण नसेल तर ‘मिसिंग’ नाही, थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, भारतीय न्याय संहितेचं कलम १३७. नागपुरात हे फार लोक विसरतात, कारण नीट-जेईईच्या क्लासला आलेली निम्मी पोरं सतरा वर्षांची असतात, दिसतात मात्र वीसची. दहावीच्या सनदेचा किंवा आधारचा फोटो मोबाईलमध्ये असला तर वयावर वाद होत नाही.

अठरा पूर्ण असेल तर बेपत्ता म्हणून नोंद होते. पण घातपाताचा संशय घ्यायला कारण असेल, म्हणजे भांडण झालं होतं, धमकी होती, ओढून गाडीत बसवताना कोणी पाहिलं, तर ते तोंडी सांगून थांबू नका. तक्रारीत लिहा. दखलपात्र गुन्हा दिसतो म्हटल्यावर ठाण्याला गुन्हा नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ते स्पष्ट केलं आहे.

हद्दीचा प्रश्न येतोच. राहायला बजाजनगर, शेवटचं दिसलं फुटाळा तलावावर, दुचाकी सापडली काटोल रोडला. तीन ठाण्यांच्या चकरा मारू नका. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्याने ती पुढे योग्य हद्दीत पाठवायची असते. ईमेलनेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

ठाण्यात कोणी ऐकत नसेल तर तिथेच उभं राहून ११२ लावा. त्या कॉलची वेळ कंट्रोलला नोंदली जाते आणि पुढे कोणी ‘आम्हाला दुपारीच कळलं’ म्हणू शकत नाही. त्यानंतर झोनचे पोलिस उपायुक्त, लेखी.

जाताना न्यायच्या गोष्टी : गेल्या महिन्याभरातला फोटो (दहावीचा नको), उंची, निघतानाचे कपडे, चप्पल की बूट, अंगावरच्या खुणा, कडं, ताईत, टॅटू, चष्मा, दातांत फट किंवा कॅप, चालू औषधं, मोबाईल नंबर, खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), गाडीचा नंबर. कपड्यांचा रंग सांगण्यावर भागवू नका, शर्टाच्या आतलं लेबलही सांगा. ग्रामीण हद्दीत, समजा कळमेश्वरला किंवा उमरेडला, अनोळखी म्हणून मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल झाला असेल तर वायरलेसवरचं वर्णन आणि तुमचं वर्णन जुळवताना हेच उपयोगी पडतं. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचे अधीक्षक वेगळे आणि रेल्वेच्या हद्दीतलं लोहमार्ग पोलिसांकडे. तिन्हीकडे विचारणा झाली का, हे नातेवाइकांनी स्वतः विचारावं.

मेस_काकू

दवाखान्यांत कोणी पाहायचं मग? पोलिस की पोरं?

ठाणे_अंमलदार

दोघांनीही, काकू. दोन पोरं ठाण्यात, दोन दवाखान्यांत. मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) ट्रॉमा केअर सेंटर आणि कॅज्युअल्टी, मग मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय, वर्धा रोडकडचं असेल तर मिहानचं एम्स. नाव विचारू नका. बेशुद्ध पोरगं नाव कसं सांगणार? ‘रात्री दहानंतर अनोळखी म्हणून एमएलसी झालेला कोणी आहे का’ असं विचारा (एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद). खाजगी दवाखान्यातही अपघाताचा रुग्ण आला की एमएलसी होते आणि ती जवळच्या ठाण्याला जाते.

हायकोर्ट_रोड

संत्रानगरींच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो, कारण सगळं त्यावरच फिरतं.

अशा खुनात डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार बहुधा नसतो. खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो. सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात अशा पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या, वकील त्यांना पंचशील म्हणतात. सोप्या भाषेत : साखळीची प्रत्येक कडी सिद्ध झाली पाहिजे आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीशिवाय दुसरीकडे बोट जाता कामा नये.

यातली पहिली कडी म्हणजे शेवटचं सोबत कोणी पाहिलं. मयत आणि आरोपी शेवटचे एकत्र दिसले ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत अंतर जितकं कमी, तितकी ही कडी पक्की. साडेबाराला शंकरनगर चौकात दोघं एका गाडीवर दिसले आणि मृत्यू एक ते तीनच्या दरम्यानचा, तर पुरावा जोरदार. मधे आठ तासांचा खड्डा असेल तर बचावपक्ष म्हणणार की त्या आठ तासांत कोणीही भेटलं असेल, आणि ते चूक नसतं. अंतर कमी असलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०९ आरोपीच्या आड येतं (जुन्या कायद्यातलं १०६) : जी गोष्ट फक्त तुलाच ठाऊक असू शकते, तिचा खुलासा तू कर. पण त्याआधी सरकारपक्षाने आपली बाजू उभी करायची असते. नुसत्या १०९ वर शिक्षा होत नाही.

म्हणून पहिल्या रात्री एक वही घ्या आणि वेळा लिहा. ‘रात्री उशिरा’ नाही. ‘००:४२, अमक्याच्या फोनमधल्या यूपीआय पावतीवरून’. प्रत्येक वेळेपुढे ती कशावरून कळली ते लिहायचं. आठ दिवसांनी पोलिस जबाब घेतात तेव्हा तीच पोरं ‘साडेबारा-एक असेल’ म्हणतात आणि उलटतपासात तो अर्धा तास खटल्याचा जीव घेतो.

बर्डीवाला

सर, पण पोरं खरं सांगतच नाहीत ना. सोबत पिऊन राहिले असतील तर कोण सांगणार?

हायकोर्ट_रोड

बरोबर नस पकडली. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी दारूसाठी २५. परवानाही लागतो. म्हणजे हॉस्टेलमधलं जवळजवळ कोणतंही पोरगं प्यायलं असेल तर कायद्याने अडकलेलंच. मग चौघं मिळून एक गोष्ट ठरवतात : ‘आम्ही तर्री पोहे खायला गेलो होतो, तिथून तो एकटाच निघाला.’ सकाळी दहापर्यंत पोलिस त्या पोह्यांच्या गाडीवरचे कॅमेरे तपासत बसतात आणि खरं ठिकाण वाडीकडच्या एखाद्या ढाब्यावर असतं. खरं कळेपर्यंत तिकडचं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

पुढचा तोटा याहून मोठा. पहिल्या जबाबात एक, आठ दिवसांनी दुसरं, अशा साक्षीदाराला कोर्टात उभा करणं म्हणजे बचावपक्षाच्या हाती काठी देणं. खुनापुढे परवान्याशिवाय दारू प्यायल्याची केस काहीच नाही, हे पोरांना त्याच रात्री कुणीतरी मोठ्या माणसाने शांतपणे, ओरडून नव्हे, सांगितलं पाहिजे. चौघांना एकत्र बसवून विचारू नका. वेगवेगळं विचारा आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहू द्या.

टॉवर_लोकेशन

फोनबद्दल. घाबरलेली माणसं इथे जे करतात त्यातलं बरंच उलट पडतं.

सतत कॉल करू नका. बॅटरी संपते. दर पंधरा मिनिटांनी एक कॉल, आणि प्रत्येक वेळी काय ऐकू आलं ते वेळेसह लिहा. रिंग गेली का, ‘स्विच ऑफ’ आलं का, ‘नेटवर्क क्षेत्राबाहेर’ आलं का. त्या टेपवर पूर्ण विश्वास ठेवू नका, पण शेवटची रिंग किती वाजता गेली ही वेळ सोन्यासारखी असते.

त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढू नका. नवं सिम चालू झालं की मूळ सिम मेलं. मग तो फोन कुठल्या टॉवरवर आहे हे कळण्याचा रस्ता तुम्हीच बंद केलात. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करणं हे चोरीच्या फोनसाठी ठीक आहे, बेपत्ता माणसाच्या फोनसाठी नाही. तो माणूस कुठे अडकला असेल आणि फोन लावायला गेला, तर? तोच प्रकार ‘रिमोट इरेज’चा. गूगलच्या फाइंड सेवेत शेवटचं ठिकाण दिसतं, तेवढं बघा, स्क्रीनशॉट घ्या, पुढचं बटण दाबू नका. पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नका, खातं लॉक होतं.

गूगल टाइमलाइनवर लोक फार भिस्त ठेवतात. २०२४ पासून ती सर्व्हरवर नाही, फोनमध्येच साठते. म्हणजे फोन हातात आल्याशिवाय ती मिळेलच असं नाही.

व्हॉट्सॲपवर त्या ग्रुपमध्ये ‘डिसॲपिअरिंग’ चालू आहे का पाहा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असा तो काळ असतो. आता बंद केलं तरी आधी गेलेले मेसेज ठरल्या वेळी जातातच, म्हणून आधी स्क्रीनशॉट. इन्स्टाची स्टोरी २४ तासांत जाते. कुणी रात्री अकराला टाकलेल्या स्टोरीच्या मागे उभी असलेली गाडी किंवा माणूस नंतर फार लागतो. मित्राचा फोन घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करा.

कॉल डिटेल्स नातेवाइकांना कंपनी देत नाही, ते पोलिसच मागवतात. टेलिकॉम कंपन्यांना हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावं लागतं, त्यामुळे त्याची पहिल्या दिवशी घाई नसते. घाई असते ती चालू लोकेशनची. आणि टॉवर लोकेशन म्हणजे घर नंबर नव्हे. धरमपेठेत टॉवर जवळजवळ आहेत, काही शे मीटरवर येता येतं. शहराबाहेर, समृद्धी सुरू होते त्या शिवमडक्याच्या पुढे, तेच वर्तुळ काही किलोमीटरचं होतं. ‘लोकेशन मिळालं तरी पोलिस पोचत नाहीत’ या तक्रारीचं निम्मं कारण हे.

डीव्हीआर

कॅमेऱ्यांचा हिशेब मांडतो, कारण ‘एक महिना रेकॉर्डिंग राहते’ हे वाक्य दुकानदारही बोलतो आणि पोलिसही.

दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत, एच.२६५ ही नवी) साधारण ४ एमबीपीएसने लिहितो. दिवसाला ४३ जीबी. चार कॅमेरे, १७० जीबीच्या वर. पानठेल्यावाल्याच्या, मेडिकल स्टोअरवाल्याच्या डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बहुतेक वेळा १ टीबीची डिस्क असते. म्हणजे पाच-सहा दिवस. एच.२६५ असेल आणि २ एमबीपीएसवर लावलं असेल तर दहा-अकरा. आठ कॅमेरे लावले की पुन्हा पाच. त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. चौकातले सरकारी कॅमेरे जास्त दिवस ठेवतात, पण गल्लीत आत शिरल्यावर जे घडतं ते खाजगी कॅमेऱ्यातच असतं.

दुकानदाराला विनंती करायची ती ही : फुटेज द्या असं नाही, पुसू देऊ नका. तो तयार असेल तर सरळ डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि दुसरी टाकायची. काही हजारांचा मामला आहे, मित्रांनी वर्गणी काढावी. काढलेल्या डिस्कला हात लावायचा नाही, पोलिस पंचनाम्याने घेतील.

घड्याळ. नव्वद टक्के भांडण इथे होतं. डीव्हीआरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे, शेजारच्याचं चार मिनिटं मागे, कुणाचं तर सालच चुकलेलं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. घड्याळ ‘नीट’ करू नका! नीट केलंत तर आधीच्या रेकॉर्डिंगचा फरक सांगणारा पुरावा गेला.

मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून ग्रुपवर टाकणं हे शोधाशोधीला चालतं, कोर्टात नाही. मूळ फॉर्मॅटमध्येच बॅकअप, त्याच कंपनीच्या प्लेअरसकट. बरेच डीव्हीआर फॅट३२ केलेला पेनड्राइव्हच ओळखतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, म्हणून तुकडे पडतात. पडू द्या. फक्त घटनेची दोन मिनिटं काढू नका, मागचे-पुढचे दोन-दोन तास घ्या.

आणि रंगावर जाऊ नका. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर असतो. काळा सिंथेटिक टीशर्ट त्यात चक्क पांढुरका दिसतो. ‘आमच्या पोराने काळा घातला होता, हा तो नाही’ म्हणून बरोबर फुटेज बाजूला पडतं. चाल, उंची, बॅगेचा पट्टा, चप्पल पाहा.

हायकोर्ट_रोड

डीव्हीआर यांच्या पोस्टला जोड. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातल्या २०२० च्या निकालापासून यात शंका उरली नाही : इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता ते साक्ष्य अधिनियम कलम ६३ खाली. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात तो देतो, भाग ब तज्ज्ञ. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची असते. मूळ डिस्कच जप्त होऊन कोर्टात आली तर गोष्ट वेगळी. दुकानदार सही करायला घाबरतो, ‘कोर्टात खेटे घालावे लागतील’ म्हणतो. घालावे लागतीलच, एखाद-दोनदा. खोटं सांगून सही घेऊ नका, तो फितूर होईल.

गोरेवाडा

एवढं सगळं करण्यापेक्षा पोरांनी रात्री अकराच्या आत घरी यावं. संपला विषय.

संत्रानगरी

धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, दादा. पुढे चला.

शवविच्छेदन

मृत्यूच्या वेळेवर लिहायला हवं, कारण वकीलसाहेबांची साखळी तिथेच अडकते. सिरियलमध्ये डॉक्टर ‘रात्री एक वाजून दहा मिनिटं’ सांगतो. तसं सांगता येत नाही. सांगता येतो तो पट्टा.

शरीर थंड होण्यावरून वेळ काढतात, पण मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी ४४-४५ अंश असतं. शरीर ३७ चं. बाहेर त्याहून गरम असेल तर ते थंड होणार कसं? उन्हाळ्यात ही पद्धत जवळजवळ निकामी. ताठरपणा एक-दोन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरू होतो, साधारण बारा तासांत सर्वांगात येतो. आपल्या हवेत उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकतो, हिवाळ्यात २४ ते ४८. मृत्यूआधी झटापट किंवा धावपळ झाली असेल तर लवकर येतो. म्हणजे पट्टा पुन्हा रुंद झाला.

अशा वेळी पोटातलं अन्न मदतीला येतं आणि इथे मित्रांची साक्ष लागते. हलकं खाणं एक-दोन तासांत जठरातून पुढे जातं, सावजी मटणासारखं जड जेवण चार ते सहा तास घेतं. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, हे तपास अधिकाऱ्याला कळलं तर ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचतं. दारू आणि भीती दोन्ही पचन लांबवतात, तेही कळवा. इथेही ‘आम्ही नुसते पोहे खाल्ले’ हे खोटं नडतं, कारण पोटात पोहे नसतात.

दारू आणि गुंगीच्या औषधासाठी रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं असतं, हृदयातून नाही. दहा मिलीला १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झॅलेट. फ्लोराइड नसेल तर बाटलीत जंतू स्वतःच दारू तयार करतात. मृतदेह उन्हात पडून राहिला असेल तर शरीरातही तेच होतं, म्हणून लघवी आणि डोळ्यातला द्रव घेतलेला बरा. विषतपासणीचा व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये गेला तर विषतपासणीच्या कामातून गेला. फॉर्मॅलिन फक्त ऊतींच्या सूक्ष्मतपासणीसाठी.

हातांना कागदी पिशव्या बांधायच्या, पॉलिथिन नाही. ओल धरते आणि नखांतलं डीएनए खराब होतं. कपडे सावलीत वाळवून कागदात.

मेस_काकू

तलावात सापडलं तर? लोक लगेच म्हणतात पाय घसरला असेल.

शवविच्छेदन

फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, तिन्हीकडे हा प्रश्न येतो. मर्ग आधी ‘बुडून मृत्यू’ म्हणूनच दाखल होतो, त्यात गैर काही नाही, ती सुरुवात आहे. उन्हाळ्यात साधारण दिवसाभरात शरीर वर येतं, थंडीत दोन-तीन दिवस. श्वास चालू असताना बुडलं की आधीच मृत झालेलं टाकलं, हे फुफ्फुसं, श्वासनलिकेतला फेस, गाळ, मुठीतलं गवत यावरून पाहतात. मांडीच्या हाडातल्या मज्जेत डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ शोधतात आणि त्याच तलावाचं पाणी तुलनेसाठी लागतं. पाण्याचा तो नमुना घ्यायचा राहून जातो, ही नेहमीची चूक. नातेवाइकांनी एक वाक्य विचारावं : पाण्याचा नमुना घेतला का? ही तपासणी रामबाण नाही, बाकीच्या खुणांसोबतच तिला अर्थ आहे.

ठाणे_अंमलदार

नातेवाईक रात्री दोनला मेडिकलच्या शवागाराबाहेर गोंधळ घालतात की पीएम (शवविच्छेदन) लगेच करा. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह, घातपाताचा संशय हे त्यातून वगळलेत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. सकाळपर्यंत थांबणं तुमच्याच पोराच्या केसच्या फायद्याचं आहे. उजेडात जखमेचा रंग नीट दिसतो.

मरणोत्तर पंचनाम्यात किमान दोन पंच लागतात. नातेवाइकाने हजर राहावं आणि पंच म्हणून सही करणाऱ्याने वाचून करावी. ‘अंगावर जखमा नाहीत’ असं लिहिलेलं असतं आणि मानेखाली ओरखडा असतो. नंतर तो पंच कोर्टात म्हणतो मी कोऱ्यावर सही केली. मग गेलंच सगळं. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली सक्तीचं आहे, ते होतंय का पाहा.

बर्डीवाला

आरोपीचा फोटो ग्रुपवर फिरून राहिला असला तर चांगलंच ना? लवकर सापडते.

हायकोर्ट_रोड

सापडतो आणि सुटतो. अनोळखी आरोपी असेल तर ओळखपरेड लागते. साक्षीदाराने त्याआधीच व्हॉट्सॲपवर चेहरा पाहिला असेल तर त्या परेडची किंमत शून्य. ‘हाच तो’ म्हणून कुणाचा फोटो फिरवू नका. आरोपी अठराखालचा असेल तर त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा, बाल न्याय अधिनियम कलम ७४.

बेपत्ता असल्याच्या पोस्टरवर बापाचा मोबाईल नंबर टाकू नका. ठाण्याचा टाका. पोस्टर फिरलं की दोन तासांत ‘तुमचं पोरगं आमच्याकडे आहे, पन्नास हजार पाठवा’ असे फोन येतात, बहुतेक ठग. तरीही प्रत्येक कॉल रेकॉर्ड करा आणि ठाण्यात द्या, कारण त्यातला एखादा खरा असू शकतो. आणि मुलीवर लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पोस्टर त्याच क्षणी काढून टाका. न्याय संहितेचं कलम ७२ मृत पीडितेलाही लागू आहे. काल मदत म्हणून टाकलेलं पोस्टर उद्या गुन्हा होतं.

मेस_काकू

वॉर्डन आणि घरमालक लोकांसाठी कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. रूमला कुलूप लावा. चादर झटकू नका, झाडू नका, पोराचा लॅपटॉप उघडू नका. त्याचा दात घासायचा ब्रश आणि कंगवा तिथेच राहू द्या, डीएनए जुळवायला तोच लागतो म्हणतात. जाण्या-येण्याच्या वहीत मागाहून वेळ भरू नका. वही कोरी असेल तर कोरी दाखवा बाप्पा, खोटी सही पकडली जाते. आणि ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणून आईबापाला दुसऱ्या दिवशी बारा वाजता फोन करू नका. भामरागडहून यायला सात-आठ तास लागतात.

शवविच्छेदन

ब्रश-कंगव्याचं काकू बरोबर सांगतात. ते पर्याय म्हणून. पहिली पसंती आई आणि वडील दोघांचं रक्त.

यवतमाळकर

तपास चालू झाल्यावर घरच्यांना काही कळतच नाही. वर्षभर फक्त ‘तपास सुरू आहे’. काही हक्क आहे की नाही?

हायकोर्ट_रोड

आहे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली पोलिसांवर बंधनकारक आहे. मेसेजवरही कळवता येतं, म्हणून एफआयआरमध्ये चालू नंबर द्या. कायदेशीर वारसही ‘पीडित’ या व्याख्येत येतात.

हाच ९० दिवसांचा आकडा दुसरीकडेही. खुनात आरोपी कोठडीत गेल्यापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, प्रकरण कितीही भक्कम असो. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेचा सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट राहिला म्हणून दोषारोपपत्र थांबवायचं कारण नाही, तो पुरवणी म्हणून नंतर जोडता येतो. साठाव्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याला लेखी विचारत राहा.

स्वतःचा वकील लावा. खटला सरकारी वकीलच चालवतो, पण तुमचा वकील त्याला मदत करू शकतो आणि वकील असेल तर दोषारोपपत्राच्या प्रती तुम्हालाही मिळतात, त्याच संहितेचं कलम २३०. जामिनाच्या वेळी ऐकून घेतलं जाण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. आरोपी सुटला तर पीडित स्वतः अपिलात जाऊ शकतो, सरकार गेलं नाही तरी. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, त्याच संहितेचं कलम ३९६. आरोपी सापडला नसला तरी करता येतो.

यवतमाळकर

आणि अंत्यसंस्कार? घरचे म्हणतात लगेच गावी नेऊन उरकू.

शवविच्छेदन

दहनानंतर दुसरं शवविच्छेदन नाही, त्यामुळे ताबा घेण्याआधी तपास अधिकाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा : व्हिसेरा राखला का, नखं आणि रक्ताचे डीएनए नमुने घेतले का, कपडे सील झाले का. एखादा राहिला असेल तर शरीर शवागारात आहे तोवरच घेता येतो. शंका दाट असेल आणि समाजात चालत असेल तर दफन करा. आईवडिलांच्या रक्ताचे नमुने त्याच दिवशी नागपुरात द्या, नाहीतर दोन आठवड्यांनी त्यासाठी पुन्हा बोलावणं येतं आणि भामरागडहून ती एक खेप आणखी.